रॅम ३६०० वर नेतानाच्या नोंदी

२३ मार्च २०२५, रविवार

कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ काढली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, मशीनच्या आतली माहिती दाखवणारं सीपीयू-झेड नीट वाचलं. मेमरीच्या रकान्यात १३३३ मेगाहर्ट्झ. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते, म्हणून हा आकडा दुप्पट करून वाचायचा, म्हणजे २६६६. पैसे मोजले होते ३२०० च्या मेमरीचे. ज्या दुकानातून मशीन जोडून घेतलं त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (मेमरीला तिच्या छापील वेगावर नेणारा पर्याय) चालूच केलं नव्हतं, आणि मीही कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षं मेमरी तिच्या कुवतीपेक्षा हळू चालत राहिली याचं मला खरंच वाईट वाटलं.

मशीन असं: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, क्रुशल बॅलिस्टिक्सच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या. खोली लोकमान्य नगरमधल्या घराच्या वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. काम बाबांच्या कॅसेटचं. त्यांनी आकाशवाणी इंदूरवरून आणि घरगुती बैठकांतून भरलेल्या जवळजवळ १४० कॅसेट कपाटात आहेत. हातातल्या रेकॉर्डरवर त्या ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवायच्या, कार्डावरून डिस्कवर घ्यायच्या, खरखर कमी करायची आणि फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) करून ठेवायच्या. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू साधारण दीड जीबी होते. एवढ्या फाइलवर काम करताना मशीन अडखळतं, म्हणून हा खटाटोप. शिवाय मेमरीचे हे आकडे नेमके काय करतात ते समजून घ्यायची इच्छा बरीच जुनी आहे.

सुरुवातीची मोजणी: वेळा १९-१९-१९-४३ (क्रमाने सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस; अर्थ पुढे लिहिलाय), मोजणीच्या एडा६४ प्रोग्रॅममध्ये लेटन्सी, म्हणजे मेमरीचं उत्तर येईपर्यंतची वाट, ८९.६ नॅनोसेकंद. कॅसेटची डिस्क सगळ्या प्रयोगांच्या वेळी काढून ठेवायची. हा पहिला नियम.

२४ मार्च

एक्सएमपी चालू. ३२००, १६-१८-१८-३६, १.३५ व्होल्ट. एकाच फटक्यात लेटन्सी ७७.१. पेन ड्राइव्हवरून मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे, एकही चूक नाही. ज्याला पुढच्या भानगडीत पडायचं नाही त्याने इथेच थांबावं. सगळ्यात मोठा फायदा या एका क्लिकमध्येच आहे.

२९ मार्च, शनिवार

सुट्टीला भाचा आलाय. "मावशी, सरळ चार हजार लाव ना," असं त्याचं म्हणणं. त्याला समजावताना मलाच विषय जास्त स्वच्छ दिसला, म्हणून इथे लिहून ठेवते.

बाबांचं कपाट घे. त्याला खण आहेत आणि एका वेळी एकच खण उघडता येतो. खण ओढून उघडेपर्यंत जो वेळ जातो तो टीआरसीडी. उघड्या खणातली नेमकी कॅसेट हातात येईपर्यंतचा तो सीएल. दुसऱ्या खणाला हात घालण्याआधी पहिला बंद करायला लागतो तो टीआरपी. आणि एकदा उघडलेला खण कमीत कमी किती वेळ उघडा ठेवायचा ते टीआरएएस. हे सगळे आकडे सेकंदांत नाहीत, घड्याळाच्या ठोक्यांत आहेत, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. २६६६ वरचे १९ ठोके म्हणजे १४.२५ नॅनोसेकंद. ३२०० वरचे १६ म्हणजे १०. ३६०० वर सीएल १८ लावलं तरी पुन्हा १०च, म्हणजे वाट तेवढीच पाहायची, फक्त एकदा हाती लागल्यावर माल भराभर येतो. ३६०० वर सीएल १६ जमलं तर ८.९. म्हणून नुसता वेग चढवून वेळा सैल सोडल्या की हाती फारसं काही लागत नाही.

चार हजार का नाही, याचं उत्तर प्रोसेसरमध्ये आहे. या पिढीच्या रायझनमध्ये गाभे (कोअर) आणि मेमरी यांना जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक मेमरीच्या घड्याळाबरोबर पाऊल जुळवून चालला पाहिजे. ३६०० ला तो १८०० वर लागतो, आणि बहुतेक प्रोसेसर एवढं निभावतात. चार हजारला २००० लागेल, तो या पिढीत मिळत नाही. मग दोघांची चाल वेगळी होते आणि प्रत्येक निरोप दारात थांबतो. आकडा मोठा दिसतो, काम मात्र हळू होतं.

भाच्याला पटलं. थायफून बर्नरने पट्टीवरची माहिती त्यानेच वाचली: आत मायक्रॉनची ई-डाय चिप आहे. ऐकून बरं वाटलं. ही चिप वेग चांगला घेते, सीएल व्होल्टेज दिलं की खाली येतो, फक्त टीआरसीडीच्या बाबतीत हटवादी आहे.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली, दुपारी श्रीखंड-पुरी झाली, आई झोपल्यावर वर आले.

बायोसमध्ये ३६००, फॅब्रिक १८००, वेळा १६-१९-१९-३९, व्होल्टेज १.३५ तसंच ठेवलं. सेव्ह केलं. पंखे फिरले, पडदा काळा. मशीन स्वतः बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा काळा. तिसऱ्या खेपेनंतर मूळ सेटिंगवर परत आलं आणि बायोसने सांगितलं की ओव्हरक्लॉक फसला. पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण त्यात काही बिघडलेलं नसतं. बोर्ड प्रत्येक वेळी पट्ट्यांशी नव्याने जुळवून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं तर मागे येतो.

मेमरीला १.३८ आणि प्रोसेसरच्या मेमरीकडच्या भागाला, म्हणजे एसओसीला, १.१ व्होल्ट दिले. उठलं. लेटन्सी ७०.२.

मोजणीत एक गोष्ट खटकली. वाचण्याचा वेग सेकंदाला ५१ जीबीच्या पुढे, आणि लिहिण्याचा जेमतेम २८.७. पट्टी नीट बसली नाही असं वाटून दोन्ही काढून पुन्हा बसवल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आकडा तोच. मग हिशेब केला. गाभ्यांचा एकच तुकडा (चिपलेट) असलेल्या या प्रोसेसरमध्ये फॅब्रिक एका ठोक्यात ३२ बाइट आत आणतो पण १६च बाहेर नेतो. १८०० गुणिले १६ म्हणजे २८.८. त्याची रचनाच तशी आहे. अर्धा तास उगाच गेला, पण हिशेब जुळल्याचा आनंद त्याहून मोठा.

संध्याकाळी ३८०० आणि १९०० करून पाहिलं. उठलंच नाही. ३७३३ वर उठलं, पण यूएसबीवर जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधून मधूनच कट्-कट् येऊ लागलं. मेमरीची चाचणी चूक दाखवत नव्हती, मात्र कान दाखवत होते. फॅब्रिक ताणला की यूएसबी आणि आवाज असे कुरकुरतात. मी आवाजाचंच काम करते, त्यामुळे ३६०० वर थांबायचं ठरलं. भाचा नाराज झाला, पण त्यालाही हेडफोन लावून ऐकवलं.

५ एप्रिल, शनिवार

आता वेळा आवळायच्या. एका वेळी एकच आकडा, मग टेस्टमेम५ या मेमरी-चाचणीचा एक फेरा, मग वहीत नोंद. दोन आकडे एकदम बदलले की चूक कुणाची ते कळत नाही.

टीआरपी १६, चाललं. टीआरएएस ३६, टीआरसी (एक खण उघडल्यापासून पुढचा उघडेपर्यंतचा किमान वेळ) ५२, चाललं. टीआरसीडी १८ केलं आणि चार मिनिटांत चुकांची रांग. व्होल्टेज १.४० केलं, तरी तेच. ई-डायचा हटवादीपणा ऐकून होते, तो आज पाहिला. १९ वर परत.

सीएल १५ लिहिलं, मशीन विनातक्रार उठलं, मी खूश. प्रत्यक्ष लागलेल्या वेळा दाखवणारं झेनटायमिंग्स उघडलं तर तिथे १६. गिअर डाउन मोड (मेमरीने आज्ञा अर्ध्या वेगाने घेण्याची सोय) चालू असला की विषम सीएल वरच्या सम आकड्यावर जातो, तेही गुपचूप. म्हणून बायोसमध्ये काय लिहिलं त्यावर विसंबायचं नाही, लागलं काय ते वाचायचं. सीएल १६च राहू दिला, कारण १४ साठी लागणारं व्होल्टेज मला नको आहे.

ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही त्या दुय्यम वेळांनी जास्त दिलं. टीआरआरडी ४ आणि ६, टीएफएडब्ल्यू १६. एका खणाच्या मागोमाग दुसऱ्या बाजूचा खण किती लवकर उघडू द्यायचा ते हे आकडे ठरवतात. बोर्डाने आपल्या मनाने फार ढिले ठेवले होते.

मग टीआरएफसी. मेमरीचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो पाझरतो. माठासारखा. म्हणून ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा पुन्हा भरून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदाला काम थांबवून एक रिफ्रेश होतो. तो रिफ्रेश किती वेळ चालू द्यायचा, तो टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपला प्रमाण वेळ ३५० नॅनोसेकंद, ३६०० वर ६३० ठोके. ही वेळ कमी केली की थांबणं कमी, लेटन्सी कमी. ५७६, ५४०, ५२२ पर्यंत चाललं. ५०४ वर लगेच चूक. ५२२ म्हणजे २९० नॅनोसेकंद. लेटन्सी ६७.४.

व्होल्टेज १.४० तसंच राहिलं. रात्री साडेदहाला लांबची चाचणी लावून, गच्चीचं दार उघडं टाकून खाली आले.

६ एप्रिल, रामनवमी

सकाळी सहाला वर गेले. सात तासांहून जास्त, शून्य चुका. गच्चीवरून गार वारा येत होता. माळव्याच्या रात्री किती सुखाच्या असतात ते दुसरीकडे राहून आलेल्यालाच कळतं.

अंतिम, असं वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कॅसेटची डिस्क परत जोडली. ८९.६ वरून ६७.४. सेव्हन-झिपमध्ये दाबण्याचं काम सुमारे १२ टक्क्यांनी लवकर होतं. फ्लॅक करण्यात मात्र फरक जाणवत नाही, तो प्रोसेसरचा खेळ आहे. खरखर काढण्याच्या कामात अडखळणं बरंच कमी झालं.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी तीन. फ्लॅक करताना मी पडताळणीचा पर्याय नेहमी लावते, म्हणजे बनवलेला भाग लगेच उलगडून मूळ आवाजाशी ताडला जातो. आज तो मध्येच थांबला: उलगडलेला आवाज मुळाशी जुळत नाही. पुन्हा चालवलं, व्यवस्थित झालं. तिसऱ्यांदाही झालं.

प्रोग्रॅम एकच, फाइल एकच, आणि उत्तर एकदा वेगळं. असं होतं तेव्हा मेमरीकडे बघायचं.

भिंतीवरचं थर्मामीटर ३७ दाखवत होतं. खिडक्या बंद, कूलर खालच्या खोलीत आईजवळ. माझी चाचणी झाली रात्री साडेदहा ते सकाळी सहा, आणि मी काम करते दुपारी. उन्हात माठ लवकर रिकामा होतो हे मला कुणी सांगायला नको होतं. चिप तापली की कपॅसिटर जास्त पाझरतो, आणि मेमरीच्या प्रमाण नियमांतसुद्धा ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायला सांगितलं आहे. मी तर भरण्याची वेळच किमान पातळीवर आणून ठेवली होती.

एक्सएमपीवर परत आले आणि मशीन बंद केलं. जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल

चुकलेली एक फाइल सापडली, ती सोपी गोष्ट. न सापडलेल्या किती, हा प्रश्न रात्रभर डोक्यात. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ खूण (सगळ्या माहितीवरून काढलेला छोटा ठसा) असते, पण ती फ्लॅक बनवताना घेतलेली. कार्डावरून डिस्कवर घेतानाच, मेमरीतून जाताना, एखादा बिट उलटला असेल तर खूण त्या बिघडलेल्या आवाजाचीच पडते आणि पुढे जन्मभर सगळं ठीक दिसतं.

६ तारखेपासून ३८ बाजू घेतल्या होत्या. कार्ड १२ तारखेला पुसलं होतं. म्हणजे २० बाजूंचं मूळ कार्डावर आहे, १८ चं नाही.

मशीन ३२०० वर ठेवून, कूलर वर आणून, वीसही बाजूंचा एसएचए-२५६, म्हणजे तसाच ठसा, काढला, आधी कार्डावरच्या फाइलचा, मग डिस्कवरच्या. एकोणीस जुळल्या. एक नाही. दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहिल्या. दीड अब्जांहून जास्त बाइटांत एकच ओळ आली: ४सी च्या जागी ६सी. दोन्ही बायनरीत लिहून पाहिले, ०१००११०० आणि ०११०११००. एका शून्याचा एक झालाय, बस्स. ती जागा कुठे येते ते शोधून ऐकली. तंबोरा लागतोय, गाणं अजून सुरू व्हायचंय. कानाला काहीही कळत नाही.

तरी मला ते चालणार नाही. बाबा प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला खाकरून तारीख आणि कलाकाराचं नाव सांगायचे, चुकलं तर मागे नेऊन पुन्हा सांगायचे. ज्या माणसाने एवढं जपून भरलं, त्याचं काम माझ्या तीन नॅनोसेकंदांपायी बिघडू द्यायचं नाही.

उरलेल्या १८ बाजू, म्हणजे नऊ कॅसेट, पुन्हा उतरवायच्या. साडेतेरा तास. कॅसेटमधून दुसऱ्यांदा उतरवलेला आवाज बाइटने पहिल्यासारखा येत नाही, त्यामुळे ताडून बघायची सोय नाही. जुन्या टाकून नव्या ठेवायच्या.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मीही बसते ऐकायला. नाहीतरी पहिल्यांदा तू हेडफोन लावून बसली होतीस."

१९ आणि २० एप्रिल

दोन्ही दिवस दुपारी बारा ते पाच. कूलर बंद, खिडक्या बंद, दार बंद. कॅसेटची डिस्क बाहेर, कपाटात.

माझ्या पट्ट्यांच्या तापमानाचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये दिसला नाही. मल्टिमीटरबरोबर आलेली थर्मोकपलची तार होती. जेल रोडवरून हीट टेपचं एक रीळ आणलं, तारेचं टोक आतल्या पट्टीच्या धातूच्या कवचावर टेपने दाबून बसवलं आणि कॅबिनेटचं झाकण लावलं. नुसती मेमरीची चाचणी लावली तर ४३ अंश. त्याबरोबर ग्राफिक्स कार्डलाही कामाला लावलं, कारण त्याची गरम हवा सरळ वर मेमरीवर जाते. ५१. रात्रीच्या चाचणीत कार्ड झोपलेलं होतं, हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

५२२ वर पहिली चूक सव्वीस मिनिटांनी, तार ४७ दाखवत असताना. इतक्या दिवसांनी गुन्हेगार समोर दिसल्यासारखं वाटलं. ५४० वर दोन तासांत एक चूक. मधे वीज गेली, इन्व्हर्टरवर मशीन चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून. ५५८ वर अडीच तास, शून्य. पण शून्याच्या अगदी काठावर बसायचं नाही. ५७६ लावलं, म्हणजे ३२० नॅनोसेकंद. मेमरीचं व्होल्टेज १.४० वरून १.३८, कारण १६-१९-१६ ला तेवढं पुरतं आणि उष्णता कमी होते. कॅबिनेटच्या वरच्या जाळीत १२० मिलिमीटरचा एक पंखा बाहेर फेकणारा लावला. त्याच लोडवर पट्टी ४६.

लेटन्सी ६७.८. इतक्या सगळ्या जिवाच्या घोरासाठी मी जे कमावलं होतं ते ०.४ नॅनोसेकंद.

खोलीत घामाने भिजून बसले होते. भाचा मधून मधून शिकंजी घेऊन येत होता आणि तारेवरचं तापमान दर पाच मिनिटांनी वहीत लिहीत होता. त्याचं अक्षर या पानांवर माझ्यापेक्षा जास्त आहे.

२१ एप्रिल

दिवसभर याच सेटिंगवर, बंद खोलीत, ग्राफिक्स कार्डासकट. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. शून्य. रात्री मेमटेस्ट८६ चे चार फेरे. शून्य. ६ एप्रिलच्या पानावरच्या दोन रेघांवर काट मारली आणि शेजारी तारीख घातली.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला: ३६००, फॅब्रिक १८००, १६-१९-१६-३६, टीआरसी ५२, टीआरएफसी ५७६, मेमरी १.३८, एसओसी १.१. खाली ओळ: तपासलं दुपारी, खोली ३७, पट्टी ४६.

कामाच्या पद्धतीत दोन बदल. कार्डावरून घेतलेल्या प्रत्येक फाइलची खूण दोन्ही बाजूंनी काढायची आणि जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि कॅसेट फ्लॅक होऊन दुसऱ्या डिस्कवर जाईपर्यंत कार्ड पुसायचं नाही. दुसरं कार्ड विकत घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

नऊपैकी शेवटची कॅसेट आज. आई पलंगावर, मी खुर्चीत, डेक मधल्या स्टुलावर. बटण दाबलं, थोडी फीत सरकली, मग बाबांचं खाकरणं आणि तारीख. आईने पदर सावरला, जणू ते खोलीत आले. मागच्या वेळी हीच कॅसेट मी लेव्हल बघत बघत उतरवली होती, तारीख ऐकलीच नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटांनी दुसरी बाजू संपली. खोली ३८. कार्ड आणि डिस्क, दोन्हींच्या खुणा जुळल्या. फ्लॅक झाली, पडताळणी झाली. उद्यापासून पाचवा खण.